जुनं एचएमटी घेताना मी आधी डायल का बघतो

तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक एचएमटी पायलट घड्याळ घेतलं, अडीच हजारला. फोटोत इतकं चकाचक की मला वाटलं कुणाच्या तरी आजोबांनी कपाटात डबीतच ठेवून दिलं असणार. पार्सल आलं, चावी दिली, चालू झालं, मी खूश. आठवड्याने पट्टा बदलायला नेहमीच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो तर त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, जरा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "अरे हे पायलट कुठंय, जनता आहे ही. डायल तेवढं पायलटचं, आणि तेही परत छापलेलं."

हे इतकं सोपं का जमतं तर पायलट आणि जनता ही एचएमटीचीच दोन मॉडेलं, दोन्हीत मशीन एकच, ०२३१ नंबरचं, सतरा ज्वेल्सचं (म्हणजे घर्षण कमी करणारे आतले बारीक खडे), हाताने चावी द्यायचं. म्हणजे एकाचं डायल दुसऱ्यावर आरामात बसतं. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बेंगळुरूला सिटिझनच्या सहकार्याने बनायला लागली, आणि २०१६ साली सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, त्यानंतर अचानक सगळ्यांना लहानपण आठवायला लागलं (मलाही, खोटं कशाला बोलू) आणि भाव चढले. भाव चढले की जुळवाजुळव आलीच.

तर आता मी काहीही घेताना आधी डायल बघतो. परत छापलेलं डायल पहिल्या नजरेत उलट जास्त छान दिसतं, तिथेच तर माणूस फसतो. भिंगातून किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून अक्षरं बघा. कडा फुगलेल्या, शाई पसरलेली, पॅराशॉक (धक्क्यापासून संरक्षण आहे, असं सांगणारा शब्द) लिहिलंय ती ओळ किंचित तिरकी, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत, असं काही दिसलं की समजायचं. दुसरी गोष्ट म्हणजे काट्यांवरचा अंधारात चमकायचा रंग आणि डायलवरचा रंग एकत्र म्हातारे व्हायला पाहिजेत ना? काटे पिवळे-तपकिरी पडलेत आणि आकड्यांवरचा रंग दुधासारखा पांढरा, मग दोघांपैकी एक जण नंतर आलाय. भडक लाल, निळी, नारिंगी डायल दिसली तर मी दुरूनच नमस्कार करतो. मला स्वतःला थोडं डागाळलेलं पण मूळ डायल कधीही चालेल, डाग मूळचा तरी असतो!

केसचं म्हणाल तर स्वस्तातल्या जुन्या घड्याळांत बऱ्याचदा पितळेवर क्रोम असतं, आणि आपल्याकडचा घाम काय असतो ते सांगायला नको. पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या आतल्या बाजूला आणि मागे, मनगटाला टेकतं तिथे बघा, क्रोम उडून पिवळं दिसतं, कधी हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलेलं असतं. फोटोत ही बाजू कधीच नसते, मागून घ्यावी लागते. कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल झाले असतील तर पॉलिश दाबून झालंय. काचेवरच्या ओरखड्यांचं मात्र टेन्शन घेऊ नका, ॲक्रिलिकची काच असते, टूथपेस्ट लावून घासली तरी बरीच साफ होते.

मागचं झाकण उघडून फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर मी विषय तिथेच सोडतो. आत दोन गोष्टी बघायच्या, चावीच्या दांडीजवळ गंज आहे का (पाणी तिथूनच शिरतं) आणि स्क्रूच्या खाचा कुरतडल्यासारख्या झाल्यात का. झाल्या असतील तर बऱ्याच जणांनी हात साफ केलेत. घड्याळ हातात मिळालं तर मोबाईलवर टिकटिक मोजायचं ॲप लावा, या मशीनचे तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच. एकदा डायल वर करून आणि एकदा उभं धरून मोजा, दोन्हींत फार फरक पडला तर सर्व्हिसिंगचा खर्च आलाच.

किंमतीचं माझं गणित साधं आहे. लोक मागतात काय ते सोडा, तसलं घड्याळ प्रत्यक्षात कितीला गेलं ते दोन-चार ठिकाणी विचारा, त्यातून आपल्या काकांचा सर्व्हिसिंगचा आकडा वजा करा, कारण "परवाच सर्व्हिसिंग केलंय" हे वाक्य प्रत्येकच विक्रेता म्हणतो आणि बिल कुणाकडेच नसतं. मूळ डायल नसेल तर मी जवळजवळ अर्धीच किंमत धरतो, यावर काही मित्र भांडतात, भांडू देत.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो पुण्यात. चादरीवर पंधरा-वीस घड्याळं, त्यात एक जनता, डायल चहा सांडल्यासारखं, काच धूसर, पण अक्षरं बारीक आणि स्वच्छ. दादा म्हणाला पंधराशे. मी खिशातून भिंग काढलं, मागून बघितलं, कानाला लावलं, परत भिंग. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "साहेब, नऊशे द्या आणि न्या, तुम्ही बघून बघून झिजवाल त्याला."

आणलं. काकांकडे सर्व्हिसिंगला दिलंय, सहाशे सांगितलेत. पायलट अजून ड्रॉवरमध्येच आहे, टाइम मात्र झकास दाखवतं लेकाचं.