पू न निघालेलं गळू

सात वर्षांचा मुलगा, डोक्यावर आठवडाभराची पट्टी. सोबतच्या कागदावर ‘गळू, चिरा दिला’. आई म्हणाली, “चिरलं, पण पू आलाच नाही. नुसतं रक्त.”

निदान तिनेच सांगून टाकलं होतं.

पट्टी काढली. भिजलेल्या स्पंजसारखा लिबलिबीत उंचवटा, केसागणिक पिवळा ठिपका, मानेमागे दोन अवधाणं. चिमट्यात एक केस धरला तर तो अलगद हातात आला, मुलाला कळलंही नाही. गळवावरचा केस असा ओढला तर पोर किंचाळतं. हा केरियन: केसांच्या मुळात शिरलेल्या बुरशीवर शरीराने उठवलेलं रान. यात पू एका पोकळीत साचत नाही, मुळामुळाशी थेंबभर असतो. म्हणून चिरून काही निघत नाही, मुळं तेवढी कापली जातात. पण सूज दिसली की हात सुरीकडे जातो, त्याला काय करणार?

वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, धरला तर सगळं डोकं निळसर उजळलं. ते होतं मलम. मलमं चमकतात, कापसाचे तंतू चमकतात आणि घाईत त्यालाच बुरशी म्हटलं जातं. मलम पुसलं, खोलीत मिट्ट काळोख केला, डोळे सरावेपर्यंत थांबले. मग कडेचे केसांचे तुटके खुंट हिरवे दिसले. हिरवे म्हणजे बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी, आणि ती येते मांजराकडून नाहीतर कुत्र्याकडून. “घरात पिल्लू आणलंय का?” आई बघतच राहिली. मांजराचं होतं, कानामागचे केस गेलेलं.

नमुन्यालाही तेच खुंट घ्यायचे. मधल्या पुवात बुरशी बरेचदा सापडत नाही. 20 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये केस अर्धा तास तरी मुरू द्यावा लागतो. आमच्या लॅबला पाच मिनिटांत ‘बुरशी नाही’ लिहायची सवय, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काच मीच पाहिली. केसावर बीजाणूंची बाही चढवल्यासारखी दिसत होती.

नुसतं मलम इथे कुचकामी, ते मुळापर्यंत पोचत नाही. औषध पोटातूनच द्यायचं, आणि कॅनिसवर टर्बिनाफिनपेक्षा ग्रिझिओफल्विन बरं. वजन 22 किलो, म्हणून रोज 500 मिलिग्रॅम, तेही स्निग्ध जेवणावर, नाहीतर नीट शोषलं जात नाही. सहा ते आठ आठवडे. शिवाय 2 टक्के किटोकोनाझोल शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून, घरातल्या सगळ्यांना. शाम्पूने आजार जात नाही, पसरणं कमी होतं. पिल्लू पशुवैद्याकडे. शाळेत जायला हरकत नाही असं लिहून दिलं, तरी शाळेने घरी बसवलंच. शाळेला चिठ्ठी दिसत नाही, टक्कल दिसतं.

पाचव्या दिवशी मुलाच्या कानांवर, मानेवर, पाठीवर बारीक खाजरं पुरळ उठलं. औषधाच्या दुकानात ‘गोळीची ॲलर्जी’ ठरली, गोळी बंद झाली, आणि आई परत आली ती तीन आठवड्यांनी. ती ॲलर्जी नव्हतीच. केरियनमध्ये, त्यातून उपचार सुरू झाल्यावर, असं पुरळ येतं. त्याला इड रिॲक्शन म्हणतात. खाजेवर औषध द्यायचं, गोळी चालूच ठेवायची. ताप, तोंडात फोड, चेहऱ्यावर सूज, अंगावर गांधी असं काही असेल तर मात्र गोळी थांबवून लगेच यायचं. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी डोस सांगितला, शाम्पू सांगितला, मांजराची चौकशी केली. हे राहिलं.

गोळी पुन्हा सुरू केली, आठ आठवडे पूर्ण केले. कडेने केस दाट आले. मध्ये बोटाच्या पेराएवढा पट्टा गुळगुळीत राहिला आहे. डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा पाहायच्या भिंगाखाली, पांढरा, केसांची छिद्रंही बुजलेली. तिथे आता केस येणार नाहीत. चिऱ्याची रेघ त्या पट्ट्याच्या मधोमध जाते. पण पट्टा रेघेपेक्षा बराच रुंद आहे.