पाठीवर चार नंबर

सब्लिमेशन छपाईच्या कामात पांढरी शाई नसते. लाल जर्सीवर पांढरं नाव हवं असेल तर कापडच पांढरं घ्यायचं, सगळीकडे लाल छापायचं आणि अक्षरांपुरती जागा कोरी सोडायची. प्रेस दोनशे डिग्रीच्या आसपास तापला की कागदावरची शाई वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. ती पुन्हा निघत नाही. त्यामुळे पाठीवर कुणाचं नाव टाकायचं ते गिऱ्हाइकाने आधी पक्कं सांगावं लागतं. ११ एप्रिल २०२५, शुक्रवारी आमच्या युनिटमध्ये जो वाद रंगला तो एवढ्या एका कारणाने.

युनिट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. सोलापुरात युनिफॉर्मचं काम तसं बारा महिने चालतं, पण एप्रिल-मे म्हणजे शाळांच्या ऑर्डरींनी मान वर करायची सोय नसते. त्यात १४ एप्रिल. जयंतीचे निळे टी-शर्ट मंडळांना तेरा तारखेला हातात लागतात आणि त्यात एक दिवसही मागेपुढे चालत नाही, चालूही नये. टेबलावर निळ्या कापडाची थप्पी, स्क्रीनवाले घामाघूम, ओव्हरलॉकच्या बायका जेवायला उठायला तयार नाहीत, आणि अशा वेळी लिव्हरपूलवाली, म्हणजे इंग्लंडच्या त्या फुटबॉल क्लबची चाहती पोरं येऊन दारात उभी राहिली.

"ताई, रविवारी साडेसहाला वेस्ट हॅमशी मॅच आहे. एकाच्या गोडाऊनमध्ये प्रोजेक्टर लावतोय. तेवढ्या जर्सी करून द्या की."

खरं तर नाही म्हणायला हवं होतं. पण रात्रपाळीला प्रेसवर असताना मी मोबाईलवर याच मॅचेस बघत असते. गेली कित्येक वर्षं ही टीम माझी आहे, आणि ते या पोरांना ठाऊक होतं. सब्लिमेशनचा प्रेस जयंतीच्या कामात लागत नव्हता, तो रिकामाच होता. शनिवारी रात्री करून देते म्हटलं. क्लबचा लोगो छापणार नाही, तेही लगेच सांगून टाकलं. ती त्यांच्या मालकीची खूण आहे. लाल रंग, नाव, नंबर आणि छातीवर ग्रुपचं स्वतःचं चिन्ह, एवढंच मिळेल. ते कबूल झाले आणि नावांची यादी समोर ठेवली.

अकरा नंबरवाले निवांत होते, कारण तो नंबर सलाहचा आणि त्याचा २०२७ पर्यंतचा करार त्याच दिवशी जाहीर झाला होता. घोडं अडलं होतं चार नंबरवर. व्हर्जिल व्हॅन डायक, टीमचा कर्णधार आणि बचावपटू. त्याचा करार जूनअखेर संपत होता. बोलणी पुढे सरकली आहेत असं तो स्वतः त्याच आठवड्यात म्हणाला होता, पण सही झालेली नव्हती. सहासष्ट नंबरचा अलेक्झांडर-आर्नल्डही तसाच लटकलेला, आणि तो रिअल माद्रिदला जाणार अशा बातम्या तर रोज येत होत्या.

मी सरळ उपाय सांगितला. शंका असेल तर पाठ कोरी ठेवा, सही झाली की डीटीएफने, म्हणजे फिल्मवर छापून, नाव चिकटवून देते.

"चिकटवलेलं नको, ताई," एक जण म्हणाला. हा एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो. "धुण्यात सोलून निघतं. छापायचं तर छापायचं, नाहीतर नाही."

झालं. आता ठरवणं आलं. कटिंग टेबलाच्या एका कडेला मास्तर निळं कापड अंथरत होते, दुसऱ्या कडेला ही पोरं कोपरं टेकून उभी राहिली आणि व्हॅन डायकला ठेवायचं की नाही यावर सुरू झाली.

त्यांच्यात एक सीएची तयारी करणारा होता. त्याचा नकार होता आणि त्याने तो नीट मांडला. जुलैच्या ८ तारखेला व्हॅन डायक चौतिशी पूर्ण करणार. दोन वर्षं दिली तर करार संपेल तेव्हा छत्तिशीला टेकलेला असेल. आधीच्या रविवारी फुलहॅमने तीन गोल घातले, तेव्हा सगळी बचावफळी हबकलेली आपण पाहिली. शिवाय प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगच्या, पंचवीस जणांच्या यादीत इंग्लंड-वेल्सच्या बाहेर तयार झालेले खेळाडू जास्तीत जास्त सतरा ठेवता येतात. त्यातली एक जागा हा धरून बसणार. क्वान्सासारखा आपल्याच अकादमीतला पोरगा बेंचवर बसून कधी मोठा होणार?

"करार मागच्या कामाचं बक्षीस नसतं," तो म्हणाला. "पुढच्या दोन वर्षांच्या कामाचे पैसे असतात."

हे वाक्य मला पटलं आणि अजूनही पटतं. आवडत्या खेळाडूबद्दल बोलताना चाहते नेमकं हेच विसरतात.

त्यावर हिशेबवाला उसळला. "का बे, मग त्याच्यासारखा दुसरा कितीला येतो ते पण सांग की. २०१८ च्या जानेवारीत साउदॅम्प्टनला साडेसात कोटी पाउंड मोजले तेव्हा हा आला. बचावपटूला तेव्हा जगात कुणी एवढे दिले नव्हते. आता जूनमध्ये गेला तर हातात शून्य. नवीन आणायचा तर त्याची किंमत द्या, वर पगार द्या, आणि तो चालेलच याची खात्री कोण देणार?"

मग २०२०-२१ चा सीझन निघाला. ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि व्हॅन डायक वर्षभर बाहेर. बाकीचे बचावपटू गोमेझ आणि मातिपही जायबंदी झाले. फाबिन्यो आणि हेंडरसन, दोघंही मिडफिल्डर, त्यांना मागे खेळवायची वेळ आली. घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, लीगमध्ये ओळीने सहा पराभव. वेस्ट ब्रॉमविरुद्ध शेवटच्या क्षणी खुद्द गोलकीपर अ‍ॅलिसनने हेडर मारला तेव्हा कुठे पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये, युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत, खेळायची आशा जिवंत राहिली. हा प्रसंग सांगताना सगळ्यांचा आवाज एकदम चढला, मास्तरांनी कात्री थांबवून वर पाहिलं.

सीएवाला मात्र डगमगला नाही. त्याने रिअल माद्रिदचा बचावपटू रामोस काढला. २०२१ ला रामोस पस्तिशीचा. माद्रिदने एक वर्ष देऊ केलं, त्याला दोन हवी होती. तो एका वर्षाला तयार झाला तेव्हा ऑफरची मुदत उलटून गेली होती. सोळा वर्षं खेळलेला कर्णधार, त्यालाही जाऊ दिलं. "आणि पुढच्याच वर्षी माद्रिदने चॅम्पियन्स लीग जिंकली. कुणाला हरवून?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. २०२२ ची पॅरिसची फायनल, एक-शून्य, हरलेले आपणच. टेबलाभोवती शांतता पसरली.

आता ज्या पोराबद्दल मला मुख्यतः सांगायचं आहे तो तोपर्यंत गप्प होता. वयाने सगळ्यांत लहान, कॉलेजच्या टीमकडून सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळतो, पायांत तेव्हाही खेळाचेच बूट. त्याने मास्तरांना विचारून दोऱ्याचे चार कोन घेतले. तीन पांढरे, एक लाल.

"मार्च २०१९, टॉटनहॅम. एक-एक बरोबरी, मॅच संपत आलेली. हा त्यांचा सिसोको, बॉल त्याच्याकडे," त्याने एक पांढरा कोन पुढे सरकवला. "हा बाजूला सोन पळतोय. तिसरा आपला गोलकीपर. आणि मध्ये एकटा हा व्हॅन डायक." लाल कोन दोघांच्या मधोमध ठेवला. "दोघांना एकटा. काय करणार?"

"जाऊन बॉल काढून घ्यायचा की बे," मास्तर म्हणाले. मास्तरांनी आयुष्यात फुटबॉलची मॅच बघितली असेल असं मला वाटत नाही, पण कापड सोडून ते आता टेबलाच्या या बाजूला आले होते.

"तिथंच सगळे फसतात, मामा. हा बॉलवर धावला की तिकडे सोनला पास, आणि सोन चुकत नाही. म्हणून हा बॉलवर गेलाच नाही." त्याने लाल कोन बोटभर मागे घेतला, आणखी बोटभर घेतला, तो कायम दोन पांढऱ्या कोनांच्या मधल्या रेषेवर ठेवून. "पासची वाट बंद करत मागे मागे येत राहिला. सिसोकोला वाटलं, आपल्यालाच मारावं लागणार. तो उजव्या पायाचा. यानं त्याला डाव्या पायावर यायला लावलं आणि मगच अंगावर गेला. त्यानं डाव्यानं मारला, बारच्या वरून."

"म्हणजे अंगाला हात पण नाही लावला?"

"नाही. आणि शेवटच्या मिनिटाला आपण मॅच जिंकली."

मास्तर थोडा वेळ त्या कोनांकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "ह्याला पळायची काय गरज हाय मग?"

त्या दिवसभरात कराराबद्दल याहून नेमकं कुणी बोललं नाही. पस्तिशीतला विंगर, म्हणजे कडेने पळणारा आक्रमक, आणि पस्तिशीतला सेंटर बॅक एका तागडीत घालता येत नाहीत. पाय मंदावतात ते दोघांचेही, पण सेंटर बॅकचं निम्मं काम बॉल येण्याआधी, उभं कुठं राहायचं ते ठरवण्यातच होतं. तेव्हा शेजारचा कोनाते वेगाने धावून मागची जागा भरून काढायचा, त्याला कुठून कुठे धावायचं ते व्हॅन डायक सांगायचा. मॅचभर त्याचा हात वर असतो आणि तोंड चालू असतं. त्याला काढायचं म्हणजे ही जोडीच मोडायची.

पण म्हणून सीएवाल्याचा मुद्दा खोटा ठरत नव्हता, आणि मी तसं बोलून दाखवलं. माद्रिदने रामोसला जाऊ दिलं तेव्हा मिलिताओ तयार होता आणि आलाबाला त्यांनी त्याच उन्हाळ्यात आणलं. तयारी आधी झाली होती, निरोप नंतर दिला. आपल्याकडे आज कोण तयार आहे? क्वान्साला ती जागा अजून पेलत नाही, गोमेझ सतत दुखापतीत. म्हणून दोन वर्षं द्यावीत, पण पहिल्याच वर्षी त्याच्या शेजारी पुढचा माणूस आणून उभा करावा. एकच वर्ष दिलं तर येत्या जानेवारीत पुन्हा हेच गुऱ्हाळ, कारण कराराच्या शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडूला परदेशी क्लबशी उघड बोलणी करायची मुभा असते. कर्णधाराचं डोकं अर्धा सीझन त्यातच गुंतणार. लेफ्ट बॅकला रॉबर्टसनलाही आता जोडीदार हवा आहे. एकाच उन्हाळ्यात सगळी फळी बदलायला काढली तर २०२०-२१ पुन्हा बघावं लागेल, या वेळी दुखापतीशिवाय.

सीएवाल्याने ऐकून घेतलं. "दुसऱ्या वर्षाचं मला अजून पटत नाही," म्हणाला, "पण पुढचा माणूस आणणार असतील तर चालेल."

मग यादी भरली गेली. अकरा नंबरपेक्षा चार नंबरच्या जर्सी जास्त झाल्या. सीएवाल्याने स्वतःसाठी मॅक अ‍ॅलिस्टरचा दहा घेतला, आपल्या मताला धरून, आणि त्याबद्दल त्याला कुणी चिडवलं नाही. सेंटर बॅकवाल्याने अर्थातच चार घेतला. एकाने सहासष्ट लिहिला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "जाईल कदाचित. पण या टीमचा तो आहेच ना." मी त्याला पुन्हा समजावून सांगितलं, हे नंतर काढता येणार नाही. त्याने मान डोलावली आणि पैसे काढून टेबलावर ठेवले.

शनिवारी रात्री जयंतीचे गठ्ठे बांधून झाल्यावर सब्लिमेशनचा प्रेस लावला. कागदावर रंग फिका आणि मळकट दिसतो, अक्षरं उलटी असतात. कापडावर कागद ठेवून दाब दिला, मिनिटभराने उचलला की भडक लाल बाहेर येतो आणि मध्ये कोऱ्या कापडाचा पांढराशुभ्र चार. त्याच्यावर व्हर्जिल. पाठीवर तो आडनाव लावत नाही, त्यामुळे नाव आटोपशीर बसतं. सहासष्टवाल्याचं जोडनाव या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत गेलं, मीडियम साइजमध्ये बसवताना अक्षरं बारीक करावी लागली.

रविवारी संध्याकाळी मी मंडळांना माल पोचवत फिरत होते, मॅच बघता आली नाही. एक-शून्यवर आपण पुढे आहोत एवढं कळलं होतं. शेवटच्या मिनिटांत रॉबर्टसनच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला, आणि लगेच कॉर्नरवर व्हॅन डायकने डोक्याने विजयाचा गोल केला. हे मला टेम्पोत बसल्या बसल्या फोनवर कळलं. फोनवर शब्द नव्हतेच, गोडाऊनमधला नुसता आरडाओरडा होता, पण काय झालं असेल ते मला त्यातूनच उमगलं. टेम्पोवाल्याला गाडी बाजूला घ्यायला लावून मी तो गोल बघितला.

गुरुवारी, १७ तारखेला, सही झाली. दोन वर्षं, २०२७ पर्यंत. २७ एप्रिलला टॉटनहॅमला पाच-एक हरवून लीग जिंकली, विसावी. आणि ५ मेला अलेक्झांडर-आर्नल्डने जात असल्याचं जाहीर केलं.

सहासष्टवाला दोन दिवसांनी युनिटवर आला. नाव काढून द्या म्हणेल असं मला वाटलं होतं, त्याने तो विषयही काढला नाही. त्याला नव्या सीझनसाठी दुसरी जर्सी हवी होती, ब्रॅडलीच्या चौऱ्याऐंशी नंबरची. राइट बॅकला आता तोच खेळणार, म्हणाला. मी त्याला थांबायला सांगितलं. अकादमीतून आलेल्या पोरांना आधी असेच मोठे नंबर मिळतात, जागा पक्की झाली की बदलून घेतात. शिवाय नवीन राइट बॅकही आणतील. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद होईपर्यंत मी ब्रॅडलीची पाठ छापणार नाही. चार नंबर कुणाला हवा असेल तर त्याची साइज मात्र आजच लिहून दे, म्हटलं.