आमची डिजिटल बाजारपेठ आजपासून खुली

फॉन्ट, छायाचित्रे आणि ई-पुस्तके विकण्यासाठी आम्ही उभारलेली ऑनलाइन बाजारपेठ आजपासून सर्वांसाठी खुली होत आहे. डिजिटल वस्तूची प्रत काढायला जवळजवळ खर्च येत नाही आणि एकदा उतरवून घेतलेली फाइल खऱ्या अर्थाने परत करता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी नमुना दाखवणे आणि परवान्याच्या अटी सोप्या भाषेत मांडणे यांवरच आमचा सर्वाधिक वेळ गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला असे मला मनापासून वाटते. पैसे जमा होताच ग्राहकाला ठरावीक मुदतीपुरता चालणारा डाउनलोडचा दुवा मिळतो. कराचे काम मात्र किचकट निघाले: युरोपीय संघात २०१५ पासून डिजिटल सेवांवरील मूल्यवर्धित कर सर्वसाधारणपणे विक्रेत्याच्या नव्हे, तर ग्राहकाच्या देशातील दराने लागतो.