दगडाचा गाव

गोव्यात अनोळखी माणूस दारात आला की त्याचे नाव पुष्कळदा मागाहून विचारले जाते, आधी प्रश्न येतो तो "तूं खंयचो?" हा. गाव कळला की वाडा विचारायचा, वाडा कळला की देऊळ, आणि देवळावरून एखादे सामाईक नाते निघाले की मगच चहा ठेवायचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हाच प्रश्न मालालाही विचारला जातो. मिरची खोल्याची की हरमलची, वांगी आगशीची की ताळगावची, हे ठरल्याशिवाय भावाची बोलणी पुढे सरकत नाहीत. खनिजांचे नमुने जमवण्याच्या माझ्या छंदाकडे घरात कुणीही फारसे गांभीर्याने पाहिले नाही. तरी या छंदातही सगळा जीव त्याच प्रश्नात असतो, हे मला गेल्या पावसाळ्यात वाळवीने नीट समजावून दिले.

माझे नमुने एका जुन्या लाकडी कपाटात होते आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी होती: खनिजाचे नाव, सापडल्याचे ठिकाण, वर्ष आणि तो माझ्याकडे कुणाकडून आला ते. श्रावणात कपाट उघडले तेव्हा खालच्या दोन खणांतल्या चिठ्ठ्यांच्या जागी मातीच्या बारीक रेषा उरल्या होत्या. "दगड तर वाचले ना?" असे घरातून समाधान करण्यात आले. वाळवीने मात्र बरोबर मौल्यवान तेवढेच निवडून खाल्ले होते.

ज्याला या वेडाची बाधा नाही त्याला हे पटवणे अवघड जाते. स्फटिक तोच, रंग तोच, वजनही तेच. मग कागदाच्या कपट्यावाचून त्याचे काय अडते? अडते ते असे, की स्फटिक स्वतःविषयी फक्त "मी कोण" एवढेच सांगतो. तो कोणत्या खडकात, कोणत्या शेजाऱ्यांबरोबर वाढला, हे त्याच्या ठिकाणावरून कळते. अभ्यासकाला हवे असते तेही हेच. शिवाय ठिकाणे संपतात. नामिबियातली त्सुमेबची खाण दुर्मीळ खनिजांसाठी जगभर प्रसिद्ध होती; ती १९९६ मध्ये बंद झाली. तेव्हापासून तिथल्या नमुन्यासोबतची जुनी चिठ्ठी हा त्याच्या किमतीचाच एक भाग होऊन बसला. म्हणून जाणते संग्राहक नमुना विकत घेतला तरी आधीच्या मालकाची चिठ्ठी फेकत नाहीत. आपली तिच्याखाली ठेवतात, आणि दगडाच्या मागच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने नोंदवहीतला क्रमांक लिहितात. हा ठिपका द्यायचा मी वीस वर्षे आळस केला. वाळवी रंग खात नाही.

काही नमुने चिठ्ठीवाचूनही ओळख देतात. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्याभोर गोंड्यासारखा बसलेला कॅव्हन्साइट हातात घेतला की तो पुण्याजवळच्या वाघोलीचा, हे सांगायला कागद लागत नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेल्या या खनिजाचे वर्णन प्रथम १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झाले. पण त्याचे देखणे रूप जगाने पाहिले ते वाघोलीच्या दगडखाणींत, जिथे बेसॉल्ट फोडून त्याची खडी केली जाते. सुरुंग लागल्यावर कुणाचे लक्ष गेले नाही, तर तो निळा गोंडा क्रशरमधून रस्त्याखाली जातो. जळगावच्या किंवा नाशिकच्या अपोफिलाइटबद्दल मात्र मी तितक्या खात्रीने बोलू धजत नाही, आणि इथेच मोहाची पहिली पायरी लागते: "बहुधा जळगाव" यातला "बहुधा" लिहिताना गळून पडतो.

तो गळू दिला की काय होते, याचा दाखला इंग्लंडात आहे. आर्थर किंग्जबरी हा तिथला नामांकित हौशी खनिजतज्ज्ञ १९६८ मध्ये वारला, आणि त्याचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. ब्रिटनमधून कितीतरी दुर्मीळ खनिजांची नोंद त्याने केली होती. १९९०च्या दशकात अभ्यासकांनी ते नमुने पुन्हा तपासले तेव्हा त्यांतले पुष्कळसे भलतीकडचे असल्याचे उघड झाले. दगड खरे होते, खोटे होते ते त्यांचे गाव. आणि एकदा खोटे सापडल्यावर त्याने प्रामाणिकपणे लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरही कुणाचा भरवसा राहिला नाही. तो असे का करीत असावा, हे मला पूर्वी कळत नसे. हातात पेन्सिल आणि समोर कोरे कागद घेऊन बसल्यावर थोडे कळले.

सर्वांत जास्त अडले ते घरच्याच दगडांपाशी. गोव्याचे लोहखनिज दिसायला फार बोलके नसते, त्यामुळे एक काळसर, जड तुकडा घेऊन मी काकांकडे गेलो. ते डिचोलीकडच्या एका खाणीवर फोरमन होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा घरी बसले ते बसलेच. त्यांनी फरशीच्या खरबरीत मागच्या बाजूवर दगड ओढला. तांबडी रेघ उठली, म्हणजे हेमाटाइट. पिवळट उठली असती तर गोएथाइट, ज्याला हे नाव गोव्यावरून मिळाले अशी काकांची ठाम समजूत आहे. ते १८०६ मध्ये जर्मन कवी गटे यांच्या सन्मानार्थ दिले गेले, हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

"खंयचो?" मी विचारले.

"आमच्याच खाणीचो," काका म्हणाले. मी मुद्दाम दुसरा तुकडा पुढे केला, तोही त्यांच्याच खाणीचा निघाला, आणि तिसराही. तिसरा तर मी सांग्याहून आणल्याचे मला पक्के आठवत होते.

घरी येऊन मी पहिल्या तुकड्याला पांढरा ठिपका दिला, तो वाळल्यावर क्रमांक घातला आणि नवी चिठ्ठी लिहिली: "हेमाटाइट. गोवा. डिचोली, काकांच्या सांगण्यावरून, चष्मा न लावता."