मेम्ब्रेनमधली पांढरी रेघ

गाडीतला फ्युएल सेल हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवतो. त्याच्या कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, कार्बनला चिकटलेले प्लॅटिनमचे कण असतात, ४-५ नॅनोमीटरचे. त्यांत कोबाल्ट मिसळला की ऑक्सिजनची अभिक्रिया झपाट्याने होते आणि महागडं प्लॅटिनम कमी लागतं. टोयोटाने २०१४ साली आणलेल्या मिराई या हायड्रोजनवरच्या गाडीतही हाच मिश्रधातू होता. माझं काम त्यापुढचं: हा कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, टिकतो किती, ते पाहण्याचं.

चाचणी ठरलेली आहे. अ‍ॅनोडला हायड्रोजन, कॅथोडला नायट्रोजन, तापमान ८० अंश सेल्सिअस. व्होल्टेज ३ सेकंद ०.६ व्होल्ट, मग ३ सेकंद ०.९५ व्होल्ट, असं ३०,००० वेळा. एकूण ५० तास. गाडी चालवताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की कॅथोडचं व्होल्टेज असंच खालीवर होत असतं. वर गेलं की प्लॅटिनमवर ऑक्साइड चढतं, खाली आलं की उतरतं, आणि या चढउतारातच अणू सुटून विरघळतात. एकाच व्होल्टेजवर स्थिर ठेवलेल्या सेलची झीज त्या मानाने फार कमी.

त्या दिवशी एका सेलची चाचणी संपली होती. ०.९ व्होल्टला मोजलेली सक्रियता घटली होती, पण मर्यादेत. ४० टक्क्यांपर्यंतची घट चालते. म्हणजे पास. मात्र करंट वाढवत नेला तसं व्होल्टेज धाडकन खाली आलं. कण जेवढे झिजले होते, त्या हिशेबात ही घसरण बसेना.

पहिला संशय अर्थातच कार्बनवर गेला. पण कार्बन जळतो तो मुख्यतः १ व्होल्टच्या वर, गाडी बंद-चालू होताना. आमची चाचणी तिथपर्यंत जातच नाही. सेल उघडून छेद घेतला, तर कॅथोडच्या थराची जाडी होती तेवढीच.

मग पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला. छोटे कण बरेचसे नाहीसे झाले होते, कारण कण जितका लहान तितका तो लवकर विरघळतो, आणि ते प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं. मोठ्या कणांच्या गाभ्यात कोबाल्ट शाबूत होता, वर प्लॅटिनमची पातळ साल. काहींना मात्र खड्डे पडले होते आणि त्यांच्यात कोबाल्टचा मागमूस नव्हता.

काप थोडा सरकवला तेव्हा शेजारी बसलेला विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, ही रेघ बघा." कॅथोडच्या काठाला लागूनच, मेम्ब्रेनच्या, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पातळ पडद्याच्या आत, पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. विरघळलेलं प्लॅटिनम मेम्ब्रेनमध्ये शिरतं, तिथे अ‍ॅनोडकडून झिरपत आलेला हायड्रोजन त्याला गाठतो आणि त्याचा पुन्हा धातू होतो. अशी रेघ मी पूर्वीही पाहिली होती. पण त्याने लगेच विचारलं, "मग कोबाल्टची रेघ कुठंय?"

प्रश्न अगदी नेमका होता. हायड्रोजन कोबाल्टच्या आयनाचा धातू करू शकत नाही, तेवढी त्याची ताकद नाही. म्हणून कोबाल्ट आयन म्हणूनच राहतो आणि मेम्ब्रेनमधल्या सल्फोनिक गटांवर, म्हणजे प्रोटॉन धरणाऱ्या जागांवर, प्रोटॉनची जागा अडवून बसतो. क्ष-किरण वर्णपट घेतला, तर अ‍ॅनोडच्या बाजूपर्यंत सगळ्या मेम्ब्रेनभर कोबाल्ट. करंट वाहू लागला की हे आयन कॅथोडकडे ओढले जातात, तिथल्या आयोनोमरमध्ये, म्हणजे कणांभोवतीच्या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमरमध्ये, गर्दी करतात, आणि प्रोटॉनची आणि ऑक्सिजनची, दोघांचीही वाट अवघड होते. करंट कमी असताना याचा पत्ताही लागत नाही, म्हणून ०.९ व्होल्टचा आकडा चांगला दिसत होता. चढावर पूर्ण जोर लागेल तेव्हा मात्र हाच सेल दगा देणार.

त्यामुळे केवळ ०.९ व्होल्टच्या आकड्यावर "टिकाऊ" म्हटलेला मिश्रधातू मी आता मान्य करत नाही. जास्त करंटचा आलेख हवा, आणि सुटलेला कोबाल्ट कुठे गेला याचा हिशेब हवा.

उपाय आहेत. इलेक्ट्रोड बनवण्याआधीच पावडर आम्लाने धुतली, तर पृष्ठभागावरचा सैल कोबाल्ट निघून जातो. प्लॅटिनम आणि कोबाल्टचे अणू एकाआड एक थरांत रचले, तर आतला कोबाल्ट जास्त घट्ट धरला जातो. पण ती रचना साधायला ६००-७०० अंशांची उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेत कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. कण लहान ठेवून ही रचना मिळवायची, यावर सध्या आमची सगळी खटपट चालू आहे.