दर्शनी बाजू

घराची दर्शनी बाजू असते ती दुसऱ्यांना दिसण्यासाठी. आपण बाहेर पडतो तेव्हा तिच्याकडे पाठ असते आणि परत येतो तेव्हा लक्ष पर्समधल्या किल्लीकडे. घराला पुढून खिडक्या किती, असं कुणी अचानक विचारलं तर मी मनातल्या मनात एकेका खोलीत जाऊन मोजून येईन. घराचं तोंड काही डोळ्यांसमोर येणार नाही. ते नीट ठाऊक असतं सणाच्या आधी रोषणाई करायला येणाऱ्या माणसाला.

आमचा लायटिंगवाला आल्या आल्या घरात शिरत नाही. "बसा, पाणी घ्या," म्हटलं तरी "थांबा ताई, आधी बघून घेतो," म्हणत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. मान वर, एक डोळा बारीक. छपराची कड कुठून कुठे जाते, पन्हाळ कुठे निखळली आहे, कठड्याला माळ गुंडाळता येईल की नुसती सोडावी लागेल, झाडाची फांदी वाऱ्याने कुठवर येते, बाहेरचा प्लग कुठे आहे आणि त्याच्यावर पाणी येतं का, हे सगळं तो एका नजरेत मापून घेतो. उत्सुकतेपोटी मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तर वरच्या सज्जाखाली ओलीचा हा एवढा डाग! कधीपासून होता कोण जाणे.

"रात्री दिसेल का हो तो?"

"भिंतीलगत खालून लाइट मारला तर दिसेल. वरून माळ सोडली तर कुणाचं लक्ष जाणार नाही."

त्याचं खरं आहे. भिंतीला घासून जाणारा प्रकाश कुठलीच गोष्ट लपवत नाही. पोपडे, गिलाव्याच्या लाटा, जुन्या खिळ्यांची भोकं, सगळ्यांची सावली लांब पडते. म्हणून हल्ली मला दुसऱ्यांच्या घरांवर खालून मारलेले झोत दिसले की त्यांच्या गवंड्याबद्दल आदर वाटतो.

माळ लावायला माणूस बोलवायचा, यावर आमच्या घरात एकमत व्हायला वेळ लागला. नवऱ्याचं म्हणणं, "त्यात काय एवढं? शिडी आहे, माळा आहेत, मी आहे." या तिन्हींपैकी शिडीबद्दल माझी तक्रार नव्हती. मुळात हे काम विजेचं कमी आणि उंचीचं जास्त. माळ कुणीही पिनला लावेल. छपराच्या टोकाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने क्लिप बसवणं कुणालाही जमत नाही. शिडीचा साधा हिशेब आहे: चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट बाहेर. त्याहून उभी ठेवली तर मागे कलंडते, त्याहून आडवी ठेवली तर पाय सरकतो. वरच्या पायऱ्यांवर उभं राहायचं नसतं, आणि कुठल्याही क्षणी दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय शिडीवर हवेतच. आता ज्याच्या दोन्ही हातांत माळ आहे आणि दातांत क्लिप आहे त्याने हा नियम कसा पाळायचा, ते मी नवऱ्याला विचारलं. त्याने पेपर उघडला. त्याला मी होकार समजले.

खरं तर यात लाजण्यासारखं काही नाही. विजेच्या रोषणाईचा इतिहासच मुळी दुसऱ्याकडून करवून घेण्यापासून सुरू होतो. ३१ डिसेंबर १८७९ ला एडिसनने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कमध्ये आपल्या प्रयोगशाळेत आणि बाहेरच्या रस्त्यावर दिवे लावून लोकांना दाखवले, आणि ते बघायला माणसं खास सोडलेल्या रेल्वेगाड्यांनी आली. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या दारचे दिवे बघत हिंडायची हौस तेव्हापासूनची! पुढे १८८२ मध्ये त्याचाच सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० दिवे लावले, वर झाड गोल फिरतं ठेवलं. त्या काळी तयार माळ हा प्रकारच नव्हता. एकेक दिवा हाताने तारेला जोडायचा. तेव्हा ज्याला घरात अशी हौस करायची असेल त्याला वायरमन बोलवावाच लागे, आणि तो खर्च श्रीमंतांनाच झेपे. १९०३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आधीच जोडून ठेवलेल्या माळा विकायला काढल्या तेव्हा कुठे साध्या माणसाला ते स्वतः करता येऊ लागलं. म्हणजे माणूस आधी आला, माळ मागून. मधली काही वर्षं आपण शिडीवर चढून बघितलं, आता पुन्हा माणूस बोलावतो, एवढंच.

त्या मधल्या वर्षांतल्या माळा अजून आमच्या माळ्यावर आहेत. एक दिवा गेला की सगळी माळ डोळे मिटायची, कारण सगळे दिवे एका रांगेत, एकाच तारेवर. नवरा एक चांगला दिवा घेऊन ओळीने एकेका होल्डरमध्ये लावून बघत बसायचा. नंतरच्या छोट्या दिव्यांत आतल्या उजळणाऱ्या तारेखाली एक बारीक आडवाट ठेवलेली असे. ती तार तुटली की करंट आडवाटेने पुढे जाई आणि बाकीचे दिवे चालू राहत. पण दिवा होल्डरमध्ये नुसता सैल झाला तरी सगळा अंधार. आणि त्या मोठ्या रंगीत दिव्यांतला एकेक ७ वॉटचा. शंभर लावले की ७०० वॉट, म्हणजे घरावर लहानशी शेगडीच पेटवल्यासारखं. एलईडी आल्यावर हा हिशेब संपला. आता एका दिव्याला एक वॉटही लागत नाही, म्हणून कितीही माळा एकमेकींना जोडाव्यात असं वाटतं. लायटिंगवाला मात्र जोडू देत नाही. माळ लांबली की टोकाचे दिवे मंदावतात. त्यापेक्षा दोन बाजूंनी दोन वेगळ्या माळा आणून मध्ये मिळवाव्या, असं त्याचं मत.

भाव ठरवताना तो पहिल्यांदा जो आकडा सांगतो तो फक्त लावण्याचा असतो. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. माळा आमच्या की तुमच्या? तुमच्या असतील तर सणानंतर त्या तुम्ही नेणार, मग पुढच्या वर्षी पुन्हा भाडं. आमच्या असतील तर त्यातली एखादी चौथ्या दिवशी गेली तर दोष कुणाचा? बंद पडल्यावर फोन केला तर त्याच संध्याकाळी येणार, की "उद्या सकाळी नक्की"? उतरवणार कोण, आणि कधी? वर चढणाऱ्या मुलाला काही झालं तर जबाबदारी कुणाची? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. अशुभ बोलल्यासारखं वाटतं. पण चांगला कंत्राटदार त्याला चिडत नाही. त्याच्याकडे विम्याचा कागद असतो, आणि पोरांच्या कमरेला पट्टा असतो. जो "आजवर कधी काही झालेलं नाही" एवढंच उत्तर देतो, त्याला मी चहा पाजून निरोप देते.

काम करतानाचं बघायला मला आवडतं. त्याचा मदतनीस हा विशी-बाविशीचा मुलगा. वरचा चढतो, हा शिडी धरतो, आणि शिडी धरलेल्या माणसाला मोबाइल बघायची मुभा नसते हे त्याला दर अर्ध्या तासाने सांगावं लागतं. वरचा खिळा वापरत नाही, पिन मारत नाही. खिळ्याखाली वायर दाबली की वरचं प्लास्टिक चिरतं, आणि पहिल्या पावसाला ती चीर बोलते. त्याऐवजी पन्हाळीच्या काठावर तो प्लास्टिकच्या क्लिपा टिचक्या मारत बसवत जातो, आणि प्रत्येक क्लिपेत दिव्याचं बूड अडकवून सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करतो. खालून कुणाला हे कळणार? पण एकाचं जरी तोंड भिंतीकडे राहिलं तर तो एक पायरी उतरून, मागे बघून, पुन्हा चढतो.

जोडाच्या जागी आपण हमखास प्लास्टिकची पिशवी गुंडाळतो. त्याने ती काढून माझ्या हातात दिली. पिशवीत पाणी शिरायचं ते शिरतंच, मग बाहेर मात्र येत नाही. त्याचा उपाय साधा होता: वायर प्लगकडे नेताना तिला आधी खाली झोळ द्यायचा आणि मग वर न्यायची. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, प्लगपर्यंत चढत नाही. खोक्यावरचे ते आयपी ४४, आयपी ६५ असले आकडे तो वाचून घेतो. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याच्या जागी ४ म्हणजे शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाइपची धार चालेल. वळचणीखाली ४४ पुरतो. उघड्या कठड्यावर त्याला ६५ हवा.

शेवटी त्याने विचारलं, बाहेरच्या लाइनीला गळती पकडणारा स्विच आहे ना? गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअर फरक पडला की जो पटकन खाली पडतो, तो. आहे, म्हटलं. पोराने जाऊन त्याचं टेस्टचं बटण दाबलं. आमच्याकडे तो एकच स्विच सगळ्या घराला आहे, हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "मालिका ऐन रंगात आलेली!" लायटिंगवाला समाधानाने म्हणाला, "चालतोय."

रंगावरून भांडण व्हायचं ते झालंच. नवऱ्याला पांढरा हवा, तो ६५०० केल्विनवाला, दवाखान्यातल्यासारखा लख्ख. मला २७०० चा पिवळट. मुलीला पळणारा, रंग बदलणारा, मोबाइलवरून चालणारा. पळणाऱ्या माळेविरुद्ध माझा मुद्दा आमच्यासाठी नव्हता, समोरच्यांसाठी होता. रोषणाई आपण करतो आणि राहतात तिच्याबरोबर शेजारी. आम्हाला आतून काय दिसतं? पडद्यावर उजेडाची उघडझाप आणि खिडकीतून दिव्यांची पाठ, म्हणजे हिरवी वायर. दिव्यांची तोंडं त्यांच्या झोपायच्या खोलीकडे. शेवटी पिवळा ठरला, स्थिर ठरला, आणि रात्री अकराला आपोआप बंद करणारा टायमर ठरला. मुलीला तिच्या खिडकीच्या आतल्या बाजूला काय पळवायचं ते पळवायची परवानगी मिळाली.

हा हौसेचा उजेड वरूनही दिसतो. अमेरिकेच्या सुओमी एनपीपी उपग्रहाच्या नोंदी बघून नासाने २०१४ मध्ये सांगितलं, की नाताळ ते नववर्ष या दिवसांत तिथली बरीच शहरं एरवीपेक्षा २० ते ५० टक्के जास्त उजळलेली असतात, आणि जास्त वाढ शहराच्या मध्यभागी नसते, उपनगरांत असते. हे वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. मध्यवस्तीत कचेऱ्या, दुकानं. तिथे बारा महिने उजेड. कड असलेलं छप्पर, पुढे थोडी जागा आणि शेजारी दुसरं घर, हे उपनगरात. शेजाऱ्याने लावल्यावर आपल्याला न लावून चालत नाही, हा भाग उपग्रहाला दिसत नसावा.

दिवे लागले की आमच्याच घराच्या बातम्या आम्हाला बाहेरून कळू लागतात. समोरच्या काकूंचा फोन: "अगं, तुमच्या डाव्या कोपऱ्यातली अर्धी गेलीय." मग आम्ही सगळे चपला घालून रस्त्यावर, आपलंच घर बघायला. एलईडीची माळ तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली असते, त्यामुळे गेलं तर सगळं जात नाही, एक तुकडा जातो. म्हणजे पडलेल्या दातासारखा तो जास्तच दिसतो. लायटिंगवाला मात्र शब्दाला जागला. त्याच संध्याकाळी आला, तुकडा बदलला, आणि जाताना सज्जाकडे बघून म्हणाला, "डाग वाढतोय ताई."

सण संपल्यावर माळा उतरवणं हे कुणाच्याच हौसेत बसत नाही. लावायच्या आधी कंत्राटदार रोज फोन करतो, उतरवायच्या वेळी आपण करतो. म्हणून मी थोडे पैसे उतरवणीपर्यंत हातात ठेवते. तेवढ्याने त्याची आठवण ताजी राहते. त्याच्यावर इतका अविश्वास बरा नव्हे, असं नवरा म्हणतो. पण शेजारच्या गल्लीत एका घरावर अजून गेल्या सणाची माळ लोंबते आहे, दिवे गेलेली, आणि तिच्यात कावळ्याने काड्या खोचल्यात.

आमचा आला. पोराने माळा कोपरापासून अंगठ्यापर्यंत वेटोळी करत गुंडाळल्या, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं: डावी वळचण, उजवी वळचण, कठडा, दार. वर्षभराने खोकं उघडल्यावर या चार पट्ट्यांमुळे अर्धा दिवस वाचतो. क्लिपा त्याने काढल्या नाहीत.

"राहू द्या वरच. पुढच्या खेपेला तेवढीच चढउतर कमी. फक्त मधे रंगकाम काढलंत तर मला आधी कळवा."

"रंगकाम?" दारातून नवऱ्याने विचारलं. "कसलं रंगकाम?"

लायटिंगवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याचे राहिलेले पैसे मोजत होते.