दम लागणे वेगळे, श्वास अडणे वेगळे

मे महिन्यात जळगावचा पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हाही पोलीस भरतीची तयारी करणारा माझा भाचा सायंकाळी पाचला १६०० मीटर धावायला उतरतो, कारण पहाटे त्याची दूध डेअरीत पाळी असते. परवा धाव संपवून तो गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिला आणि म्हणाला, "मामा, दम लागणे थांबले, पण श्वास पूर्ण घेताच येत नाही. छाती मध्येच अडते."

सगळे खापर हवेतल्या ओझोन या वायूवर फोडावे असे मला वाटत नाही, धूळ आणि ऊनही होतेच. पण त्याने सांगितलेले लक्षण ओझोनच्या बाबतीत अगदी नेमके बसते. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोल, रंग यांची वाफ यांच्यावर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, त्यामुळे दुपार ते सायंकाळ हीच त्याच्या भराची वेळ असते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जोरात धावणारा साठ लिटरांहूनही अधिक घेतो आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकात जो थोडाफार ओझोन अडला असता तोही आत जातो. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नसल्याने थेट बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो आणि तेथील मज्जातंतूंची टोके चेतवतो. मग खोल श्वास शरीर स्वतःहूनच आवरते. स्नायूंत ताकद असते, फुप्फुसांत जागा असते, तरी छाती भरत नाही, आणि फुंकून करायच्या तपासणीत पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा कमी भरते.

लॉस एंजेलिस परिसरातील एका शाळेच्या धावपटूंच्या १९५९ ते १९६४ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा शर्यतीआधीच्या तासात हवेत असे वायू जितके जास्त, तितकी धावण्याची वेळ सुधारू न शकलेली मुले अधिक, असे आढळले होते.

हा त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. रोज धावले तर चार-पाच दिवसांत तो जाणवेनासाही होतो आणि मुले त्याला "सवय झाली" म्हणतात. आतली सूज मात्र तेवढ्याने जात नाही. रुमाल बांधून उपयोग नाही, कारण वायू कापडातून जातो. गावाबाहेर केळीच्या बागांकडे धावायला जावे, तर तेही फसवे, कारण रस्त्यावरचा ताजा धूर ओझोन खाऊन टाकतो आणि वाऱ्यासोबत दूर गेलेल्या हवेत तो उलट वाढतो.

सध्या भाचा दिवस मावळल्यावर, साडेसातनंतर धावतो. मैदानावर दिवे नाहीत, म्हणून वळणावर मी बॅटरी घेऊन उभा असतो.